जस्ताची बॅटरी आणि पाण्याचा स्वभाव

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांतील ग्रामस्थांना पाण्यातील क्षारांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. पाण्यात कोणता क्षार किती आहे, यावर तेथील पीक आणि पिण्याचे पाणी या दोहोंचे भवितव्य ठरते. विजेच्या साठवणीच्या क्षेत्रात संशोधकांपुढे आज जवळजवळ हाच प्रश्न उभा आहे.

साठवणीची गरज

सौर पॅनेल दिवसा वीज देते. पथदिव्याला ती रात्री हवी असते. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे बॅटरी. आणि सौर संचात बहुधा तीच सर्वांआधी निकामी होते. शिसे-आम्ल बॅटरीत ऊर्ध्वपातित पाणीच घालावे लागते. बोअरचे खारे पाणी तिचे आयुष्य घटविते. लिथियम बॅटरी वजनाने हलकी, परंतु तिच्यातील द्रव सामान्यतः ज्वालाग्राही असतो आणि लिथियमसाठी देशाला मुख्यतः आयातीवर विसंबून राहावे लागते. याउलट जस्त राजस्थानात विपुल मिळते, मँगनीजच्या खाणी विदर्भातच नागपूर व भंडारा जिल्ह्यांत आहेत, आणि पाणी पेट घेत नाही. म्हणूनच पाण्यावर चालणाऱ्या जस्ताच्या बॅटरीकडे लक्ष वेधले गेले आहे.

जुना घट, नवा उपयोग

फ्रेंच शास्त्रज्ञ लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये जस्त, मँगनीज डायऑक्साइड व नवसागर यांचा विद्युतघट तयार केला. टॉर्चमधील कोरडा घट त्याचाच वंशज होय. मात्र तो एकदा संपला की टाकूनच द्यावा लागतो. १९८६ मध्ये यामामोटो व शोजी या जपानी संशोधकांनी झिंक सल्फेटच्या द्रावणात असा घट पुन्हा चार्ज करता येतो, हे दाखवून दिले. जमिनीतील जस्ताची उणीव भरून काढण्यासाठी शेतकरी जे झिंक सल्फेट वापरतात, तेच हे मीठ.

घटाच्या दोन अग्रांमधील अशा द्रावणास विद्युत अपघटनी म्हणतात. बॅटरी वापरताना जस्त या द्रावणात विरघळते. चार्ज करताना ते पुन्हा पत्र्यावर बसते. ही ये-जा हजारो वेळा निर्वेध झाली, तरच बॅटरी टिकाऊ म्हणता येईल.

दोष कोठे आहे?

द्रावणातील जस्ताचा प्रत्येक आयन सामान्यतः पाण्याच्या सहा रेणूंनी वेढलेला असतो. हे पाणी पत्र्यापर्यंत पोहोचले की त्याचे विघटन होऊन हायड्रोजन वायू सुटतो. त्यामुळे तेथील आम्लता घटते, पांढरा साका धरतो व पत्रा झाकला जातो. शिवाय जस्त सर्वत्र सारखे न बसता सुईसारखे वाढते. अशी सुई दुसऱ्या अग्राला टेकली की घट निकामी होतो. दुसऱ्या बाजूस मँगनीज हळूहळू द्रावणात विरघळत जाते. सारांश, जे पाणी आयनांचे वाहन आहे, तेच मोकळे राहिल्यास घटाचे वैरी ठरते.

पाण्याला बांधून ठेवण्याचे उपाय

पाणी काढून टाकावयाचे नाही, तर त्याला गुंतवून ठेवावयाचे, हे या संशोधनाचे सूत्र आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने द्रावणात आधीच थोडे मँगनीज सल्फेट मिसळले. त्यामुळे मँगनीज विरघळण्यास आळा बसला आणि ५,००० आवर्तनांनंतरही घटाची ९२ टक्के धारणाशक्ती टिकली. २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांनी द्रावणात क्षार इतके वाढविले की मोकळे पाणी जवळजवळ उरलेच नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ग्लुकोजसारखा स्वस्त पदार्थही जस्ताभोवतीच्या पाण्याची रचना बदलतो, असे आढळले. पाणी जेलमध्ये धरून ठेवण्याचा मार्गही अवलंबिला जातो.

प्रत्येक उपायाची किंमत मोजावी लागते. क्षार फार वाढविल्यास द्रावण घट्ट होऊन आयन मंदावतात. काही क्षार अतिशय महाग आहेत. शिवाय अशा घटाचा दाब साधारण १.३ व्होल्ट, म्हणजे लिथियमच्या निम्म्याहूनही कमी असतो. त्यामुळे वाहनापेक्षा शाळा, उपकेंद्र, पथदिवे अशा एका जागी राहणाऱ्या साठवणीस तो अधिक योग्य ठरेल.

ग्रामपंचायतींनी काय पाहावे?

प्रयोगशाळेतील आवर्तनांचा आकडा बहुधा नाण्याएवढ्या घटावर, जलद चार्ज करून मिळविलेला असतो. म्हणून अशी बॅटरी विक्रीस आल्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत : पूर्ण आकाराच्या बॅटरीने किती आवर्तने पुरी केली? चार्ज करून नुसती ठेवल्यास महिन्याने किती वीज उरते? उन्हाळ्यातील ४२ अंश तापमानात ती तपासली आहे काय? उष्णतेने पाण्याचे विघटन वाढते, हे ध्यानी घेता विदर्भात हा अखेरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट सांगावी. खताच्या पिशवीतील झिंक सल्फेट बॅटरीसाठी चालत नाही. त्यातील लोहासारख्या अशुद्धींमुळे हायड्रोजन अधिक वेगाने सुटतो. पिकाला जे मीठ पुरते, ते घटाला पुरत नाही. तेथे क्षाराची शुद्धता आणि पाण्याचे प्रमाण हीच खरी कसोटी असते.