परकायाप्रवेशाच्या चिनी कादंबऱ्या : जुन्या मुलीचे काय झाले?

परकायाप्रवेश ही कल्पना आपल्याला नवी नाही. शंकराचार्यांनी मृत राजाच्या देहात प्रवेश केल्याची कथा आपण लहानपणीच ऐकलेली असते. चीनमध्ये गेल्या वीसेक वर्षांत इंटरनेटवर क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबऱ्यांत मात्र या कल्पनेने निराळाच संसार थाटला आहे. आजच्या काळातील एखादी नोकरदार तरुणी अपघातात मरते आणि शेकडो वर्षांपूर्वीच्या घरातील तापाने फणफणलेल्या मुलीच्या देहात जागी होते. या प्रकाराला तिकडे 'च्वानयुए', म्हणजे ओलांडून जाणे, असे म्हणतात. त्यातील शेतीवाडीच्या कुटुंबकथा मी मोबाइलवर इंग्रजी भाषांतरांतून वाचल्या. प्रस्तुत लेखात मुख्यतः त्यांचाच विचार करावयाचा आहे.

कथानक बहुधा ठरलेले. घर गळके, वाडग्यात पातळ पेज, वडील आपल्या आईच्या शब्दाबाहेर नाहीत आणि काका-काकू आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे. मग वाटणी होते. वेगळे निघालेले कुटुंब नायिकेच्या हुन्नरावर उभे राहते. रानातले कंद, नदीतले खेकडे, गावात ज्याला कोणी विचारीत नव्हते ते ती शिजवून बाजारात विकते. भावाला पाठशाळेत घातले जाते, जमिनीचा तुकडा घेतला जातो. खरी गोडी आहे ती या मोजदादीत. किती नाणी आली, मिठा-तांदळाला किती गेली, किती उरली! ज्या घरात महिनाअखेर मोजूनमापून काढावी लागते तिथल्या वाचकाला हा हिशोब कंटाळवाणा वाटत नाही. धाकट्याच्या वाडग्यात पहिल्यांदा मांसाचा तुकडा पडतो त्या पानापाशी मी तरी थांबतेच.

दुसरे आकर्षण याहून मोठे. घर तिचे ऐकते. दहा-बारा वर्षांची पोर बोलते आणि बाप मान डोलावतो! आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. शिकलेल्या मुलीचे म्हणणे घरात कितपत चालते हे ठाऊक असल्यामुळे या स्वप्नाला मी हसत नाही.

परंतु हे शिक्षण तिथे कशाला उपयोगी पडते? पाककृतीला आणि धंद्याला. चीनमधील शाही परीक्षा १९०५ साली बंद झाली; तोपर्यंत त्या मुलींना खुल्या नव्हत्या. नायिका पैसे मिळवते, परीक्षेला भाऊ बसतो. विद्यापीठातून गेलेल्या बाईला याची चीड यावी, पण ती क्वचितच येते.

'मिंगलानची कथा' ही प्रसिद्ध कादंबरी याच घराण्यातली, जरी तिच्यातले घर शेतकऱ्याचे नसून अधिकाऱ्याचे आहे. न्यायालयात कारकुनी करणारी तरुणी दरडीखाली सापडून मरते आणि रखेलीच्या पोटच्या लहानग्या मुलीच्या देहात जागी होते. आजीच्या मायेची त्यातली प्रकरणे फार सुंदर आहेत. मात्र कायदा जाणणारी ही बाई विकत घेतलेल्या दासींच्या घरात गप्प राहायला शिकते, आणि कादंबरी त्यालाच शहाणपण म्हणते. २०१८ साली तिच्यावर दूरदर्शन-मालिका आली, तेव्हा परकायाप्रवेश पार गाळून टाकला होता. काळप्रवासाच्या मालिकांवर चीनच्या सरकारी खात्याने २०११ मध्येच नापसंती दाखविली होती, तेव्हा गाळण्याचे नवल नाही. नवल हे, की आधुनिक जीव काढून घेतला तरी कथेचे फारसे काही अडले नाही. असो.

मला सर्वांत अधिक खटकते ते निराळेच. ज्या मुलीच्या देहात नायिका येते ती मुलगी मेलेली असते. उपासाने, मारामुळे किंवा तापाने. पहिल्या दोन-तीन पानांत तिचा निकाल लागतो. तिच्या आठवणी तेवढ्या नायिकेला मिळतात, घरातल्या सामानासारख्या. आई म्हणते, तापातून उठल्यापासून पोर शहाणी झाली; आणि देवापुढे उदबत्ती लावते. पुढे जी माया वाहते ती या कमावत्या, हुशार पोरीवर. माझ्या आईला माझी गुणपत्रिका वाचता येत नाही. ती अजूनही चौथीत पाढे चुकणाऱ्या मुलीला हाक मारते, आणि मी ओ देते. मी वाचलेल्या कादंबऱ्यांतील आयांना हाक मारायला ती मुलगीच उरलेली नसते, आणि त्यांना ते कोणी सांगतही नाही. एखाद्या रात्री वाडग्यातल्या मांसाकडे पाहता पाहता त्यांतल्या एखाद्या आईने 'तू कोण?' असे विचारले असते, तर पुढची चारशे प्रकरणे मी आनंदाने वाचली असती.