भातातला सोमल

सोमल म्हणजे आर्सेनिक. याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाण्यात असला तरी कळत नाही आणि भातात तर नाहीच.

बंगाल व बांगलादेशात तळ्याच्या पाण्याने हगवण होऊन मुले दगावत. म्हणून १९७० नंतर गावोगाव कूपनलिका खोदल्या. पण तिथल्या जमिनीच्या थरातच सोमल होता. १९८३ साली कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी रोग्यांचे दुखणे ओळखले. अंगावर पावसाच्या थेंबांसारखे डाग, तळहात-तळपायांवर कडक गाठी. पुढे कातडीचा, फुफ्फुसाचा, मूत्राशयाचा कर्करोग. लोकांना वाटले महारोग, म्हणून रोग्यांना दूर ठेवले, मुलींची लग्ने मोडली. दूर ठेवणे काय असते, हे आपल्या लोकांना कोणी समजावून सांगायला नको.

त्याच पाण्यावर उन्हाळी भात पिकतो. शेतात पाणी तुंबून राहिले की मातीतला सोमल सुटा होतो आणि भाताची मुळे तो ओढून घेतात. गव्हापेक्षा तांदळात तो बराच जास्त सापडतो. कोंड्यात सर्वांत जास्त, म्हणून अशा भागात हातसडीचा तांदूळ पॉलिशपेक्षा बरा म्हणता येत नाही.

आपल्याकडचे काय? गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागातही भूजलात सोमल आहे. बाकी ठिकाणी रेशनच्या तांदळाला घाबरून उपाशी राहू नये. पण तिन्ही त्रिकाळ भातच नको. ज्वारी-बाजरीची भाकरी असू द्या, विशेषतः गरोदर बाई आणि लहान लेकरांच्या ताटात.

आता शिजवण्याचे. तांदूळ चांगला धुवा, एका वाटीला सहा वाट्या पाणी घालून शिजवा आणि पाणी वेळून टाका. सोमल निम्म्याच्या आसपास कमी होतो. आपल्या आज्या असाच भात वेळायच्या. कुकरमध्ये पाणी आटते, सोमल भातातच राहतो. एरवी पेज पौष्टिकच, पण सोमलाच्या भागात ती लेकरांना पाजू नये.

मात्र पाणीच दूषित असेल तर वेळूनही उपयोग नाही. उकळल्याने जंतू मरतात, सोमल जात नाही. उलट पाणी आटते तसा तो दाट होतो. मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅमची आहे. वस्तीतल्या बोअरच्या पाण्याची तपासणी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडे लेखी मागा, आणि अर्जात ‘आर्सेनिक’ हा शब्द आठवणीने लिहा. नाहीतर जंतूंची तपासणी करून कागद हातात देतात.