आजोबांची नवी बाटली

गेल्या सुट्टीत आजोबांच्या उशाशी मल्टिव्हिटॅमिनची बाटली दिसली. आजोबा निवृत्त सुभेदार. म्हणाले, "ही हृदयासाठी चांगली. आता रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतली तरी चालते." मला ते पटेना. शाळेत परतल्यावर जीवशास्त्राच्या सरांना विचारले. त्यांनी समजावले ते येथे मांडतो.

कमतरता असेल तर जीवनसत्त्व औषधासारखे काम करते. १७४७ मध्ये ब्रिटिश नौदलातील वैद्य जेम्स लिंड यांनी स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री-लिंबू मिळालेल्या दोघांपैकी एक सहा दिवसांत कामावर जाण्याइतका बरा झाला. आजही अंगात लोह किंवा बी-१२ कमी असेल, तर डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यायलाच हवी. पण हृदयविकार हा स्कर्व्हीसारखा एका जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग नाही.

मग गोळ्या घेणाऱ्यांचे हृदय अधिक निरोगी का दिसे? कारण अशी माणसे बहुधा रोज चालतात, सिगारेट टाळतात, तपासणी करून घेतात. श्रेय मात्र गोळीला मिळते! हा गुंता सोडवायचा तर चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडावे लागतात. एकाला खरी गोळी, दुसऱ्याला हुबेहूब तशीच पण औषध नसलेली. आणि कोणाला कोणती, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही.

अमेरिकेत १४,६४१ पुरुष डॉक्टरांवर असा प्रयोग ११ वर्षांहून अधिक काळ चालला. २०१२ मध्ये निकाल आला: हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू, कशातच मल्टिव्हिटॅमिनने फरक पडला नाही. ई जीवनसत्त्वाचेही तेच. हृदयविकाराचा धोका असलेल्या साडेनऊ हजार लोकांना ते साडेचार वर्षे देऊन पाहिले, उपयोग शून्य. फिनलंडमध्ये तर उलटेच झाले. तेथे धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना गाजरातील बीटा-कॅरोटीन गोळीरूपाने दिले, तेव्हा त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के अधिक आढळला. गाजर खाणे वेगळे आणि त्यातला एकच घटक काढून रोज गिळणे वेगळे.

रविवारी फोनची पाळी आली, तेव्हा आजोबांना हे सगळे सांगितले. बराच वेळ ते गप्प होते. रक्तदाबाची गोळी पुन्हा रोज चालू केली आहे, असे आजीने कळवले. मल्टिव्हिटॅमिन मात्र बाटली संपेपर्यंत घेणार म्हणतात. पैसे मोजलेत ना!