माफी मागून गाऊ नकोस

अगं, घरून सुरू करणार आहेस त्या गाण्याच्या कार्यक्रमासाठी तू पाठवलेलं चाचणीचं रेकॉर्डिंग ऐकलं. आवाज छान लागलाय, पण एका गोष्टीवरून तुझा कान धरणार आहे. दुसऱ्याचं गाणं गाण्याआधी किती आदराने बोलतेस तू! गीतकार कोण, चाल कोणाची, तुला ते पहिल्यांदा कुठे भेटलं. आणि स्वतःचं गाणं आलं की लगेच, ‘हे आपलं असंच काहीतरी लिहिलंय हं, फार काही नाही.’ बाई गं, तूच असं म्हणालीस तर ऐकणाऱ्याने कान कशाला द्यावा? ते वाक्य काढूनच टाक. गाण्याचं नाव सांग, ‘शब्द आणि चाल माझी’ म्हण आणि सूर लाव.

आणि कार्यक्रमाची सुरुवात तुझ्या गाण्याने कर. आधी ओळखीचं गाऊन लोकांना खेचायचं, मग हळूच आपलं सरकवायचं, हा सल्ला तुला सगळे देतील. मला तो पटत नाही. नवं गाणं लोक ऐकत नाहीत म्हणे! १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं तेव्हा दर आठवड्याला येणारं गाणं नवंकोरंच असायचं. अशी छप्पन्न गाणी झाली, लोक रेडिओला चिकटून बसायचे. आता तिथे शब्दांना गदिमा आणि चालींना बाबूजी होते, हे मान्य. पण संदीप खरे आणि सलील कुलकर्णी २००३ पासून ‘आयुष्यावर बोलू काही’मध्ये आपलीच गाणी गातात आणि लोक तिकीट काढून जातात.

दुसऱ्याचं गाणं, म्हणजे कव्हर, जरूर गा, पण मूळ गायिकेची प्रत्येक हरकत उतरवून काढू नकोस. तुझ्या पट्टीत आण, लय बदलून बघ, फक्त गिटारवर घे. कराओके ट्रॅक नकोच. त्या रेकॉर्डिंगवर वेगळा हक्क असतो आणि तुझं वाजवणंही त्यात हरवतं.

हक्कांचं जरा नीट ऐक, कारण घरी बसून गायलं तरी जगाला ऐकवलं की ते प्रकाशनच. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं शब्दांवर हक्क राहतो. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, त्यामुळे त्यांच्या ओव्या आता मोकळ्या. तुकोबांचे अभंग तर मोकळेच. चालीचा हक्क मात्र वेगळा. संगीतकार खळेकाकांनी लावलेली चाल घेतलीस तर तिचा हक्क अजून चालू आहे, कारण ते २०११ मध्ये गेले. म्हणून अभंग घे आणि चाल स्वतः लाव, बघ काय मजा येते! कायद्यात कव्हरसाठी वाट आहे, मूळ रेकॉर्डिंगला पाच वर्षं झाल्यावर. पण त्यात वर्षाला किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी धरतात. आपल्या डोंबिवलीच्या बेडरूमला ते झेपायचं नाही. परवानगी मागावी, किंवा गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या आयपीआरएससारख्या संस्थेकडे विचारावं. यूट्यूबवर टाकलंस तर त्यांची यंत्रणा गाणं ओळखू शकते आणि जाहिरातीचे पैसे मूळ मालकाकडे जाऊ शकतात, तेव्हा रुसायचं नाही.

तुझ्या गाण्याचं उलट. हक्क लिहिल्याक्षणी तुझाच, नोंदणीची सक्ती नाही. तरी कच्चे मसुदे तारखेसकट जपून ठेव. मैत्रिणीने अंतरा सुचवला असेल तर कोणाचं काय, ते आत्ताच मेसेजवर लिहून टाका. मैत्री टिकते त्याने. उद्या कोणी करार पुढे केला तर कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराला दिलेला रॉयल्टीचा वाटा सोडून देऊ नकोस. वाचल्याशिवाय सही नाही, समजलं?

बाकी तांत्रिक फारसं नाही. पंखा बंद, फ्रिजच्या खोलीत बसू नकोस. कपड्यांचं उघडं कपाट समोर असलं की घुमणं कमी होतं. माइक गिटारच्या भोकासमोर धरलास तर नुसतं गुमगुमतं, बाराव्या फ्रेटकडे वळव. बोलताना माइकजवळ ये, वरच्या सुरात जरा मागे हो. मधेच लोकल गेली तर जाऊ दे, कुकरची शिट्टी मात्र नको. आईला आधी सांगून ठेव.

आणि कार्यक्रमाचा पहिला भाग मला पाठवून ‘कसा झालाय?’ विचारू नकोस. मी ‘मस्त’च म्हणणार. तुझ्या गाण्याच्या बाईंना पाठव, त्या सुरांची चूक सोडणार नाहीत.