थंडी, शेगडी आणि बंद खोली

देवदिवाळी उलटली की आपल्याकडे खरी थंडी सुरू होते. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, थंडी मात्र तीच, जुन्या नगरची. मोकळ्या माळाचा हा मुलूख. रात्री आभाळ निरभ्र असले की जमीन झपाट्याने निवते आणि पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो. या दिवसांत दवाखान्यात सर्दी, खोकला, दमा, भेगाळलेल्या टाचा यांचीच गर्दी असते. आज मात्र वाचकांना थंडीतला निराळाच धोका सांगायचा आहे. तो ओळखायला मी स्वतः एकदा चुकलो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. सावेडीतील एका इमारतीत पहिल्या मजल्यावर एक मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ बारा दिवसांचे. वडील एमआयडीसीत रात्रपाळीला, घरी आई, मुलगी आणि बाळ. मुलीचे डोके दुखते, मळमळते, उठले की चक्कर येते, अशी तक्रार घेऊन आई दवाखान्यात आली. मी घरी जाऊन तपासले. रक्तदाब ठीक, ताप नाही. बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९८ दाखवले. रक्त कमी असेल, झोप होत नसेल, असे म्हणून लोहाच्या आणि पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. खोलीत ओव्याचा वास होता, कोपऱ्यात राखेने भरलेली शेगडी होती. दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर होते, पण बाळंतिणीच्या खोलीत असायचेच, म्हणून मी त्यांच्याकडे पाहूनही पाहिले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून गेले तरी त्यांच्या दाराला दुधाची पिशवी तशीच लटकत होती. समोरच्या काकूंना ते खटकले, कारण ज्या घरात बाळ आहे तिथे सहालाच दिवा लागतो. त्यांनी बेल वाजवली, हाका मारल्या, फोन लावला. फोन आत वाजत राहिला. मग गल्लीतील गणेश मंडळाच्या मुलांना बोलावून त्यांनी दार तोडायला लावले. काकूंनी आत शिरताच आधी खिडक्या उघडल्या. का, ते त्यांनाही सांगता आले नाही. ‘आत कोंदट वाटलं’ एवढेच त्या म्हणाल्या. मायलेकी बेशुद्ध होत्या, बाळ मलूल. तिघांना उचलून गच्चीवर नेले, १०८ ला फोन केला, रुग्णालयात प्राणवायू सुरू झाला. तिघेही वाचले.

रात्रभर शेगडी पेटती होती आणि दार-खिडक्या घट्ट बंद. कारण कार्बन मोनॉक्साइड.

कोळसा, लाकूड, गोवरी, गॅस यांपैकी काहीही पुरेशा हवेशिवाय जळले की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. पण या वायूशी त्याची जवळीक प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक असते. म्हणजे हवेत तो थोडासा असला तरी बसमधल्या जागा तो आधी बळकावतो आणि प्राणवायू थांब्यावरच राहतो. मेंदू आणि हृदय यांना पहिला फटका बसतो. डोके जड होते, मळमळते, हातापायांतील बळ जाते. त्यामुळे धोका कळला तरी उठून दार उघडता येत नाही, आणि झोपलेल्या माणसाला तर तो कळतच नाही. लहान बाळ भराभर श्वास घेते, म्हणून ते लवकर सापडते.

आपल्याकडे एक पक्की समजूत आहे: शेगडी बाहेर पेटवायची, धूर जाऊ द्यायचा, निखारे लाल फुलले की आत आणायची. धूर गेला म्हणजे धोका गेला, असे सगळेच धरून चालतात. पण हा वायू धुरात दिसत नाही. लालबुंद, धूर नसलेले निखारे बंद खोलीत तो सोडतच असतात. उलट धूर असता तर माणूस खोकून जागा तरी झाला असता.

यावर घरातील वडीलधारी माणसे मला हमखास विचारतात, ‘डॉक्टर, आमची चार-चार बाळंतपणं शेगडीवर झाली, तेव्हा कुणी दगावलं नाही, मग आताच कसं?’ प्रश्न रास्त आहे. शेगडी तीच आहे, बदलले ते घर. पाथर्डी-शेवगावकडची धाब्याची घरे आठवा. माळवदाला साणे असायचे, दाराच्या फळ्यांतून हात जाईल एवढी फट. कौलारू घरात तर कौलांमधून वारा खेळायचा. अंघोळीचा तांब्याचा बंब अंगणात किंवा झरोक्याच्या न्हाणीघरात पेटायचा. आताच्या घरात सरकत्या काचेच्या खिडक्या, खाली रबर, दाराखाली गुंडाळलेले फडके. बाळाला वारा लागू नये म्हणून आपण उरलीसुरली फटही बुजवतो.

बंबाची जागा गॅस गिझरने घेतली आणि तो बसवला नेमका चार बाय सहाच्या बाथरूममध्ये. झडप बंद, कडी आतून लावलेली, वर गरम पाणी आहे म्हणून निवांत पंधरा मिनिटे अंघोळ. कमी हवेत जळणाऱ्या ज्योतीतून हाच वायू निघतो. बर्नरची ज्योत पिवळी दिसली तर जळण नीट होत नाही हे नक्की. पण निळी दिसली म्हणून निर्धास्त राहू नये. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून नळाने पाणी आत घ्यावे हे उत्तम. ते जमेपर्यंत दार उघडे ठेवून बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा आणि मगच अंघोळीला जावे. झडप कायम उघडी हवी. म्हाताऱ्या माणसांनी आतून कडी लावूच नये. थंडीत रक्तदाब वाढतो, घेरी येते, पडणे होते, त्यासाठीही हे बरे.

आता माझ्या चुकीबद्दल. कोरोनानंतर बहुतेक घरांत ऑक्सिमीटर आला आहे आणि लोकांचा, माझाही, त्यावर फार विश्वास आहे. पण हा वायू चिकटलेले रक्त लालभडकच असते. साध्या ऑक्सिमीटरला त्यात आणि प्राणवायू असलेल्या रक्तात फरक कळत नाही. तो ९८ दाखवतो. खरे प्रमाण रक्ताच्या खास तपासणीतूनच कळते. मी दोन प्रश्न विचारायला हवे होते: घरातल्या आणखी कोणाचे डोके दुखते का, आणि बाहेर गेल्यावर बरे वाटते का. आईचेही दुखत होते, पण तिने ते जागरणावर ढकलले होते. मुलगी दुपारी गच्चीवर उन्हात बसली की तिला हलके वाटायचे. एकाच घरातील माणसांचे एकाच वेळी, तापाशिवाय डोके दुखते आणि बाहेर थांबते, तेव्हा पित्ताची गोळी शोधण्याआधी शेगडी शोधावी.

असा प्रसंग आलाच तर दार उघडून, श्वास रोखून आत जावे, खिडक्या उघडाव्यात, गॅस सिलिंडरवरून बंद करावा आणि माणसाला उघड्यावर आणावे. कांदा फोडून हुंगवणे, तोंडात पाणी घालणे यात वेळ दवडू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालणे घातकच. १०८ ला फोन करून ‘कोंडलेल्या खोलीत शेगडी होती’ हे स्पष्ट सांगावे. श्वास थांबला असेल तर छाती दाबण्याचा प्रथमोपचार लगेच सुरू करावा. मोकळ्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध प्राणवायू दिल्यास दीड तासाच्या आसपास. म्हणून शुद्धीवर आला, चहा प्यायला, आता कशाला दवाखाना, असे करू नये. काहींना दोन-चार आठवड्यांनी विसरभोळेपणा, गोंधळ असा त्रास होतो.

हे फक्त बाळंतिणीच्या खोलीतच घडते असे नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दमण येथे केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुले, गॅस हीटर लावलेल्या बंद खोलीत झोपले आणि उठले नाहीत. आपल्याकडे बांधकामावरचा रखवालदार पत्र्याच्या खोलीत घमेल्यात निखारे घेऊन झोपतो. साखर कारखान्यांच्या हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर आता ताडपत्री असते. आत विस्तव ठेवला तर हा वायू कोंडतो, शिवाय पाचट पेटण्याची भीती. त्यांना घोंगडी, चादरी वाटणारी मंडळे आहेत, उत्तम काम आहे. वाटताना ‘विस्तव बाहेर ठेवा’ एवढे सांगितले तर बरे.

त्या गल्लीत पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंनी मला बोलायला बोलावले. त्यांनी तेव्हाच ठरवून टाकले की साडेसातनंतर कोणाच्या दाराला दुधाची पिशवी दिसली तर बेल वाजवायची, राग आला तरी चालेल. एकट्या राहणाऱ्या दोन आजींच्या घरांची एकेक किल्ली शेजारी ठेवली गेली. मंडळाच्या मुलांनी घरोघरी फिरून बाथरूमच्या झडपा पाहिल्या. काही खिळ्यांनी ठोकून बंद केलेल्या निघाल्या.

तिथे एका आजींनी विचारले, ‘मग बाळाला शेक द्यायचाच नाही का?’ मी म्हणालो, दिवसा, दार उघडे ठेवून, बाळापासून लांब शेगडी ठेवून द्या हवा तर, पण रात्री ती खोलीत नको आणि धुरी तर नकोच. डोक्याला टोपी, पायात मोजे आणि आईच्या छातीशी उघड्या अंगाला अंग लावून वरून पांघरूण, यासारखी ऊब दुसरी नाही. आजी म्हणाल्या, ‘ते आम्हालाही ठाऊक होतं, पण विचारतो कोण.’

ते बाळ आता बालवाडीत जाते. आठवड्यातून दोन दिवस तरी नाक वाहत असल्यामुळे घरी असते, आणि त्याची आजी अजून त्याला माझ्याकडे आणते.