घटक ५ : ‘वोक’ – एका बोलीशब्दाचा अर्थप्रवास

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• एका समकालीन शब्दाच्या आधारे अर्थविस्तार व अर्थापकर्ष या संकल्पना स्पष्ट करता येतील.
• शब्दाचा अर्थ ठरविताना वक्ता व श्रोता यांचा विचार का करावा लागतो, हे सांगता येईल.
• अशा शब्दाचा मराठी अनुवाद करताना कोणती दक्षता घ्यावी, हे सांगता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अर्थपरिवर्तनाचे प्रकार आपण मागील घटकात पाहिले. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत ‘साहस’ म्हणजे बळजोरीचा गुन्हा. मराठीत तोच शब्द गौरवाचा झाला. याउलट ‘शहाणा’ हा स्तुतीचा शब्द ‘मोठा शहाणा लागून गेलास!’ या वाक्यात निंदेचा होतो. अशी परिवर्तने बहुधा दीर्घ काळात घडतात व त्यांचे टप्पे हाती लागत नाहीत. इंग्रजीतील ‘वोक’ हा शब्द याला अपवाद आहे. त्याचा प्रवास शंभर वर्षांहून कमी काळातील असून त्यातील काही टप्पे नोंदींवरून दाखविता येतात. वृत्तपत्रांतून व समाजमाध्यमांतून हा शब्द आता मराठी वाचकापर्यंतही पोहोचला आहे.

५.२ शब्दाचे रूप

‘वेक’ म्हणजे जागे होणे. ‘वोक’ हे त्याचे भूतकाळी रूप. ‘जागा असलेला’ या अर्थी प्रमाण इंग्रजीत ‘अवेक’ हे विशेषण वापरतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या बोलीत मात्र ‘वोक’ हेच विशेषण म्हणून वापरले जाते. हे अशुद्ध इंग्रजी नव्हे. तो त्या बोलीचा नियम आहे. ‘कफल्लक’ या अर्थी ‘ब्रोक’ हे रूप तर सर्वच इंग्रजी भाषक विशेषण म्हणून वापरतात. एक रूप सर्वमान्य आणि तशाच घडणीचे दुसरे रूप ‘गावंढळ’, हा भेद व्याकरणाचा नसून समाजातील प्रतिष्ठेचा आहे.

५.३ मूळ अर्थ : सावधगिरीचा इशारा

१९३१ मध्ये अलाबामा राज्यात नऊ कृष्णवर्णीय मुलांवर दोन गोऱ्या स्त्रियांवरील बलात्काराचा खोटा आरोप ठेवण्यात आला. केवळ गोऱ्या ज्यूरीपुढे घाईने खटले चालले आणि आठ जणांना देहदंड सुनावला गेला. पुढील न्यायालयीन लढ्यामुळे त्यांचे प्राण वाचले. मात्र त्यांच्या आयुष्याची कित्येक वर्षे तुरुंगात गेली. हा स्कॉट्सबरो खटला होय. लोकगायक लेड बेली यांनी त्यावर गीत रचले. १९३८ च्या ध्वनिमुद्रणात गीतानंतर बोलताना ते आपल्या लोकांना अलाबामातून जाताना जपून राहा, ‘स्टे वोक’, असे बजावतात.

येथे ‘वोक’ हे मत नाही, विचारसरणी तर नाहीच. तो जीव वाचविण्याचा सल्ला आहे. ‘रात्र वैऱ्याची आहे, जागा राहा’ ही आपली म्हण आठवावी. तिच्यातील ‘जागा’ हा शब्द या अर्थाच्या सर्वांत जवळचा आहे.

५.४ अर्थविस्तार

१९६२ मध्ये कृष्णवर्णीय कादंबरीकार विल्यम मेल्विन केली यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या पुरवणीत आपल्या समाजाच्या बोलीवर लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच ‘वोक’ हा शब्द होता. बोलीतील शब्द गोरे लोक उचलतात, तोवर बोलीत त्यांचा अर्थ बदललेला असतो किंवा ते मागे पडलेले असतात, हे त्यांचे निरीक्षण होते. पुढे खुद्द ‘वोक’ या शब्दाबाबतही असेच घडले.

२००८ मध्ये गायिका एरिका बाडू यांच्या गीतातून हा शब्द नव्या पिढीला परिचित झाला. २०१४ मध्ये मिसुरी राज्यातील फर्ग्युसन येथे मायकेल ब्राउन हा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मारला गेला. त्यानंतरच्या आंदोलनात ‘स्टे वोक’ ही घोषणा झाली. २०१७ मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाने ‘वंशभेद व सामाजिक अन्याय यांविषयी सजग’ हा अर्थ नोंदविला. आता लिंगभेद, पर्यावरण अशा विषयांतील सजगतेसाठीही हा शब्द वापरला जाऊ लागला.

५.५ अर्थापकर्ष

प्रसाराबरोबर उपरोधही आला. नुसती सजगता मिरविणाऱ्यांना प्रथम थट्टेने ‘वोक’ म्हटले गेले. नंतर राजकीय विरोधकांनी तो दूषण म्हणून स्वीकारला. २०२२ मध्ये फ्लोरिडा राज्याने शाळा व नोकरीच्या ठिकाणी वंशविषयक शिकवणीवर निर्बंध घालणारा कायदा केला. त्याच्या प्रचलित नावातच ‘स्टॉप वोक’ हे शब्द होते. एकेकाळी धोक्याचा इशारा देणारा शब्द आता स्वतःच धोका म्हणून दाखविला जाऊ लागला. या धोरणांविषयी मतभेद असू शकतात आणि ते मांडण्याचा अधिकार सर्वांना आहे. भाषेच्या अभ्यासकाने लक्षात घ्यावयाची गोष्ट वेगळी आहे : ज्यांच्या अनुभवातून शब्द जन्मला, त्यांच्याच हातून त्याचा अर्थ निसटला.

५.६ उपयोजन

पुढील वाक्ये पाहा.
(अ) प्रवासाला निघालेल्या मुलाला आजी म्हणते, “स्टे वोक.”
(आ) कार्यकर्ती स्वतःविषयी म्हणते, “मी वोक आहे.”
(इ) पुढारी म्हणतो, “हे वोक लोक देश बुडवतील.”

(अ) साठी ‘सावध राहा’, (आ) साठी ‘अन्यायाविषयी सजग’ हे अनुवाद चालतील. (इ) मध्ये ‘जागरूक लोक देश बुडवतील’ असे लिहिल्यास वाक्य हास्यास्पद होईल. ‘ढोंगी’ असे लिहिल्यास पुढाऱ्याचे मत अनुवादकाने आपलेसे केल्यासारखे होईल. येथे ‘वोक’ हाच शब्द अवतरणचिन्हांत ठेवून वक्ता तो दूषण म्हणून वापरतो, हे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. कोश अर्थ सांगतो. तो कोणाच्या तोंडी आहे, हे वाचकाने पाहावयाचे असते.

५.७ सारांश

‘वोक’ हा शब्द इशारा, घोषणा आणि दूषण अशा तीन अवस्थांतून गेला. आधीच्या अवस्था पुसल्या गेलेल्या नाहीत. तिन्ही अर्थ आज एकाच वेळी वापरात आहेत. म्हणून हा शब्द वापरण्यापूर्वी कोण, कोणाला आणि कोणत्या हेतूने बोलत आहे, हे तीन प्रश्न विचारावेत.

५.८ स्वाध्याय

१. ‘वोक’ या शब्दाच्या अर्थपरिवर्तनाचे टप्पे उदाहरणांसह लिहा.
२. ‘बोलीतील रूप अशुद्ध नसते’ हे विधान ‘वोक’ व ‘ब्रोक’ या रूपांच्या आधारे स्पष्ट करा.
३. आपल्या परिसरातील बोलीचा एखादा असा शब्द निवडा, जो त्या बोलीचे भाषक आपुलकीने व इतर लोक हेटाळणीने वापरतात. दोन्ही वापरांची प्रत्येकी दोन वाक्ये लिहून अर्थभेद सांगा.