जुनी तबकडी पारखताना

मुंबईच्या चोरबाजारात जुन्या ध्वनिमुद्रिकांचे ढीग तुम्ही कधी पाहिले आहेत का? त्यातून एखादी ख्यालाची तबकडी हाती लागली, तर पैसे देण्यापूर्वी ती उजेडात तिरपी धरा. (कडक उन्हात फार वेळ नको, विनाइल उष्णतेने वाकते.) वेष्टनावरचे नाव कितीही मोठे असो, खरी हकीकत खाचेत असते.

लाँग प्ले तबकडीच्या प्रत्येक बाजूवर एकच लांबलचक खाच असते. ती कडेकडून मध्याकडे वळसे घेत जाते. तबकडी मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास १.८ सेकंद लागतात. बाहेरचा वळसा मोठा, आतला लहान. वेळ मात्र तेवढाच! मध्यापासून १४.५ सें.मी. अंतरावर सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सें.मी. खाच सरकते, ६ सें.मी. अंतरावर जेमतेम २१. त्यामुळे सेकंदाला १००० कंपने असलेल्या स्वराची एक लाट बाहेर अर्धा मिलिमीटर जागा घेते, तर आत तिला ०.२ मिलिमीटरमध्येच बसावे लागते. एवढ्या आखूड वळणांत सुई नीट शिरत नाही; झिजलेली सुई तर खाचेच्या भिंतीच खरवडते.

आता ख्यालाची रचना आठवा. संथ विलंबित आधी, द्रुत आणि ताना शेवटी. एका बाजूवर पूर्ण ख्याल असेल, तर ताना नेमक्या या दाटीत येतात! म्हणून लेबलाजवळचा पट्टा निरखून पाहा. तो काळाभोर, चकचकीत असेल तर उत्तम. धूळ पुसूनही करडा, निस्तेज दिसत असेल, तर ताना फाटक्या ऐकू येण्याची शक्यता फार. अशी झीज कितीही धुतले तरी भरून येत नाही.

दुकानदाराने तबकडी वाजवून दाखवली, तर हातातल्या घड्याळाकडे लक्ष ठेवा. 'टक्' असा आवाज दर १.८ सेकंदांनी येत असेल, तर तो आडवा ओरखडा समजा. मध्येच केव्हाही येत असेल, तर ती बहुधा धूळ. ती निघू शकते.

७८ फेऱ्यांच्या तबकडीची गोष्ट निराळी. १९३७ साली निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाणे अशाच तबकड्यांवर उरले आहे. दर बाजूस सुमारे तीन मिनिटे. तिची खाच रुंद असते, म्हणून सुईही जाड लागते. लाँग प्लेची बारीक सुई खाचेच्या तळाशी घसटून खरखर वाढवते. आणि ती स्पिरिटने मुळीच पुसू नका. तिच्यात लाख असते, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते.